बेतलेला कोट आणि बेताचा खर्च

नाताळ झाला, तीन राजांचे फेस्त पार पडले, की आपल्या धर्मग्रामांतून रविवारच्या मिस्सेनंतर लग्नांच्या घोषणा ऐकू येऊ लागतात. उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी काही लग्ने उरकतात आणि उरलेली ईस्टरनंतर, वैशाखाच्या उन्हात लागतात. याच महिन्यांत निपाणीकडे तंबाखूचा व उसाचा पैसा घरात येतो, निदान येईल अशी आशा असते. आणि याच महिन्यांत बेळगावच्या खडेबाजारातील व गणपत गल्लीतील कापडदुकानांत खेड्यापाड्यांतून आलेली मंडळी दाटीवाटीने बसलेली दिसतात. नवरीच्या साडीचा अथवा पांढऱ्या झग्याचा विचार घरातील स्त्रिया महिनोन्‌महिने करीत असतात. नवऱ्याच्या सुटाचा विचार मात्र शेवटच्या आठ दिवसांत होतो, आणि जो खर्च घाईने होतो तो बहुधा उसनवारीने होतो. म्हणून आज त्या सुटाविषयीच लिहावयाचे योजिले आहे.

धर्मगुरूचा स्वतःचा पोशाख म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत एक पांढरा झगा. त्याने कोटपाटलोणीवर लेख लिहावा याचे काही वाचकांस हसू येईल. परंतु विवाहसंस्काराच्या वेळी नवरदेवाचा कोट जितक्या जवळून धर्मगुरूस पाहावयास मिळतो, तितक्या जवळून तो शिंप्याखेरीज दुसऱ्या कोणास मिळत नाही. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते. बाही बोटांच्या पेरांपर्यंत आलेली असते, त्यामुळे अंगठी घालण्याच्या नेमक्या क्षणी नवरदेवास आधी बाही मागे सारावी लागते. विजारीच्या चुण्या बुटांवर साठलेल्या असतात. बाहीवर कंपनीच्या नावाची पट्टी तशीच राहिलेली असते. ती कोट घरी आणल्यावर उसवून टाकावयाची असते हे पुष्कळांस ठाऊक नसते, आणि ज्यांस ठाऊक असते त्यांच्यापैकी काहींस ती काढवत नाही. मे महिन्याच्या दुपारी कोट, जाकीट आणि विजार असा तिहेरी काळा सूट घालून घामाने निथळणारा तो मुलगा पाहिला, की याने या पोशाखासाठी किती मोजले असतील, हा प्रश्न नको असतानाही मनात डोकावतो.

एका घरचा हिशेब मला लग्नानंतर दोन वर्षांनी पाहावयास मिळाला. घर कोणते हे सांगण्याचे कारण नाही. तशी घरे पुष्कळ गावांत आहेत. सूट, बूट, टाय आणि सदरा मिळून १२,००० रुपये झाले होते. ती रक्कम ओळखीच्या एका इसमाकडून शेकडा ३ रुपये व्याजाने घेतली होती. शेकडा ३ हे ऐकावयास फार वाटत नाही, कारण तो दर महिन्याचा आहे हे आपण विसरतो. महिन्यास शेकडा ३ म्हणजे वर्षास शेकडा ३६. त्या घरातून दरमहा ३६० रुपये व्याजापोटी जात होते. चोवीस महिन्यांत ८,६४० रुपये गेले, आणि मुद्दल १२,००० रुपये जसेच्या तसे उभे राहिले. त्या काळात तो कोट दोनदा अंगावर चढला होता: एकदा लग्नात आणि एकदा गावच्या फेस्ताला. नुसते व्याज धरले तरी प्रत्येक वेळी ४,३२० रुपये पडले. तेवढ्यात घरातील शाळकरी मुलाच्या वह्यापुस्तकांचा आणि म्हातारीच्या औषधांचा खर्च बराच भागला असता. नवऱ्याने हे कर्ज बायकोपासून लपवून ठेवले होते. ते उघडकीस आले तेव्हा तिला पैशाचे दुःख कमी झाले आणि लपवल्याचे अधिक झाले.

"पण फादर, चर्चमध्ये लग्न म्हटले की सूट हा पाहिजेच ना?" असे मला या प्रसंगी विचारण्यात आले. हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट देतो. पाहिजेच असे नाही. त्रेंतच्या परिषदेने १५६३ साली विवाहाचा जो विधी ठरवून दिला, आणि आजच्या धर्मकायद्यात जो सांगितला आहे, त्यात वधूवरांची स्वखुशीची संमती लागते, अधिकृत धर्मगुरू अथवा डीकन लागतो आणि दोन साक्षीदार लागतात. कोटाचा त्यात उल्लेख नाही. स्वच्छ पांढरा सदरा आणि नीट शिवलेली विजार घालून जो तरुण वेदीपाशी येतो त्याचा विवाह तितकाच पूर्ण असतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील कित्येकांची लग्ने धोतरावर लागली, आणि ती मोडली नाहीत.

काही जण येथे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २२ व्या अध्यायातील दाखला पुढे करतात. राजपुत्राच्या लग्नाच्या मेजवानीत एक मनुष्य लग्नाचा पोशाख न घालता आला आणि त्यास बाहेर काढण्यात आले, तेव्हा पोशाखास महत्त्व आहेच, असा त्यांचा युक्तिवाद असतो. संत ऑगस्टीन यांनी या दाखल्यावर प्रवचन करताना तो पोशाख म्हणजे प्रीती होय, असे सांगितले आहे. शिंप्याच्या कात्रीने ती कापता येत नाही. उलट सुंदर वस्त्रे व सोन्याची अंगठी घातलेल्यास पुढचे आसन द्यावयाचे आणि मळकट कपड्यांतल्या गरिबास उभे ठेवावयाचे, या वागण्याला याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात किती कठोर शब्दांत फटकारले आहे ते घरी काढून वाचावे. कर्ज काढणारा तरुण एकटाच दोषी नसतो. "अमक्याच्या मुलाचा सूट पाहिला काय? भाड्याचा होता म्हणे," असे मिस्सेनंतर अंगणात उभे राहून जे बोलतात त्यांचाही त्या ३६० रुपयांत वाटा आहे.

एवढे सांगूनही मी कोटाच्या विरुद्ध नाही. चांगला कोट ही चांगली वस्तू आहे. माणसाने आपल्या लग्नात नेटके दिसावे यात गर्व नाही, आणि वधूच्या मानासाठीही ते योग्य आहे. आमचा आक्षेप उसन्या, न बसणाऱ्या आणि दोन वेळा वापरून पेटीत पडणाऱ्या कोटास आहे.

आपल्या भागात हा पोशाख रुळला त्यास कारणे आहेत. १८१८ साली बेळगावचा किल्ला कंपनी सरकारच्या हाती गेला आणि पुढे तेथे लष्कराची छावणी वसली. १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र तेथे आहे. छावणी आली की गणवेश येतात, आणि गणवेश आले की अंगाबरोबर कोट शिवणारे हातही येतात. दुसऱ्या बाजूस घाट उतरला की गोवा. १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगीज राज्य होते, आणि कोट घालून चर्चला जाण्याची रीत तिकडच्या ख्रिस्ती घरांत पुष्कळ जुनी. त्या घरांशी आपले सोयरसंबंध. शिवाय नोकरीसाठी मुंबईस गेलेले आणि अलीकडे आखाती देशांत गेलेले आपले तरुण परत येताना सुटाची हौस बरोबर घेऊन आले. अशा तीन वाटांनी हा पाहुणा घरात शिरला. तो शिरला याचे वाईट वाटावयास नको. त्याचा पाहुणचार आपल्या ऐपतीप्रमाणे करावा एवढेच.

ज्यास आपण आज पुरुषांचा सभ्य पोशाख म्हणतो, म्हणजे गडद रंगाचा, साधा, अंगाबरोबर बसणारा कोट व लांब विजार, त्याच्या उगमाची हकिकत मोठी बोधप्रद आहे. इंग्लंडात जॉर्ज ब्रमेल नावाचा एक गृहस्थ १७७८ साली जन्मला. त्या काळी बडे लोक रेशमी, जरीचे, रंगीबेरंगी पोशाख करीत व केसांवर पावडर टाकीत. ब्रमेलने हे सारे झुगारून गडद निळा कोट, उत्तम बेत, रोजचे स्नान आणि परीटघडीचे पांढरे कापड एवढ्यावर भर दिला. युवराज त्याचा मित्र बनला आणि लंडनचे सारे श्रीमंत त्याचे अनुकरण करू लागले. कपडा महाग असण्यापेक्षा तो नीट बसणे महत्त्वाचे, ही त्याची शिकवण आजही खरी आहे. पण हिशेबाच्या वहीशी त्याने कधी मैत्री केली नाही. जुगार आणि उधारी यांच्या पायी १८१६ साली तो देणेकऱ्यांस चुकवून रातोरात फ्रान्सला पळाला. १८३५ साली कां या गावी कर्जापायी त्यास तुरुंग पाहावा लागला. पुढे बुद्धिभ्रंश झाला, आणि १८४० साली त्याच गावी बाँ सोव्हर धर्मभगिनींच्या आश्रमात तो वारला. ज्याचा कोट पाहावयास एकेकाळी राजपुत्र येत असे, त्याची शेवटची शुश्रूषा जोगिणींनी केली.

कापडाच्या धंद्यातीलच दुसरा एक मनुष्य मला याहून अधिक जवळचा वाटतो. इटलीत क्रेमोना शहरी बाराव्या शतकात होमोबोनस नावाचा कापडाचा व्यापारी होऊन गेला. शिंपीकाम व कापडविक्री हाच त्याच्या घरचा उद्योग. तो मठवासी नव्हता, धर्मगुरू नव्हता. बायको असलेला, दुकान चालविणारा संसारी माणूस होता. सचोटीने मिळविलेल्या पैशातील मोठा वाटा तो गरिबांस देई. १३ नोव्हेंबर ११९७ रोजी मिस्सा चालू असताना दोन्ही हात क्रूसासारखे पसरून तो खाली पडला आणि तेथेच त्याने प्राण सोडला. अवघ्या चौदा महिन्यांत, जानेवारी ११९९ मध्ये, पोप तिसरे इनोसंट यांनी त्यास संत म्हणून जाहीर केले. शिंप्यांचा आणि व्यापाऱ्यांचा तो आश्रयदाता संत होय. आपल्या मराठी मुलखात संत नामदेवांमुळे शिंप्याच्या घरास जो मान आहे तो सर्वांस माहीत आहे. युरोपातील शिंप्यांसही असा एक संत आहे, हे आपल्या वाचकांस नव्याने कळेल.

आता कोट कसा करावा याकडे वळू. येथे मी काही वृद्ध कारागिरांकडून ऐकलेलेच सांगतो.

प्रथम रंग. आपल्याकडे काळ्या रंगाचा आग्रह फार. परंतु काळ्या कोटावर आपल्या रस्त्यांची तांबडी धूळ लगेच उठून दिसते, उन्हात तो तापतो, आणि लग्न सोडून दुसऱ्या प्रसंगी तो सहसा शोभत नाही. गडद निळा अथवा करडा रंग घ्यावा. निळा कोट पुढे करड्या विजारीवरही चालतो, म्हणजे एका कोटाचे दोन पोशाख होतात. जाकीट मे महिन्यात अगदी अनावश्यक. त्याचे पैसे वाचवून विजार चांगली शिवावी. दुहेरी पन्ह्याचे, म्हणजे सुमारे ५८ इंच रुंदीचे कापड असेल तर मध्यम बांध्याच्या माणसास कोट व विजार मिळून ३ ते सव्वातीन मीटर पुरते. कापड मुठीत घट्ट आवळून सोडावे. चुण्या लगेच मोकळ्या झाल्या तर ते अंगावर नीट राहील. थोडी तरी लोकर असलेले हलके कापड आपल्या हवेस चांगले. निव्वळ कृत्रिम धाग्याचे कापड चकाकते आणि त्यात घाम कोंडतो.

मग माप. कोटाची सारी भिस्त खांद्यावर असते. छाती, कंबर, बाही यांत मागाहून फेरफार करता येतो, खांद्यात करणे फार कठीण. त्याची सोपी परीक्षा अशी: कोट घालून भिंतीस बाजूने टेकावे. दंडाच्या आधी खांद्याचे टोक भिंतीस लागले तर कोट मोठा आहे. बाही मनगटाच्या हाडाशी संपावी आणि तिच्याखालून सदऱ्याची बाही अर्धा इंच दिसावी. कोटाची उंची बैठक झाकण्याइतकी असावी. मुंढा फार खोल उतरलेला नसावा. तो वर असेल तर हात उचलताना सगळा कोट वर येत नाही. साधा, एका ओळीत दोन बटणांचा कोट करावा आणि त्याचे खालचे बटण लावू नये, अशी रीत आहे. छातीवर उलटणारी पट्टी फार रुंद नको आणि बोटाएवढी अरुंदही नको. अशा टोकाच्या गोष्टी पाच वर्षांत जुन्या दिसू लागतात, आणि आपणांस तर कोट वीस वर्षे वापरावयाचा आहे.

तयार कोट मिळतात, आणि त्यांतील काही चांगलेही असतात. पण स्वस्त तयार कोटात पुढच्या भागातील थर गोंदाने चिकटविलेले असतात. पुष्कळदा दोनचार धुलाईनंतर छातीवर फोड आल्यासारखे बुडबुडे येतात, आणि त्यास उपाय नसतो. कसबी शिंपी तो थर आतून टाके घालून बसवितो. शिवावयास टाकताना हे विचारून घ्यावे. कच्चे टाके घालून एकदा अंगावर चढवून पाहावयास बोलावितो काय, हेही विचारावे. जो बोलावितो त्याच्याकडेच कोट टाकावा, मग चारशे रुपये जास्त पडले तरी हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखतात त्यास आपल्या भाषेत "माया" म्हणतात. हा शब्द ज्याने प्रथम या अर्थाने वापरला त्याच्या बुद्धीचे कौतुक करावे तेवढे थोडे. विजारीच्या मागच्या शिवणीत दीड-दोन इंच, कोटाच्या बाजूच्या शिवणीत इंचभर आणि बाहीच्या मुडपात दीड इंच माया ठेवावयास सांगावे. पंचविसाव्या वर्षी सडपातळ असलेला नवरदेव चाळिशीत तसा राहात नाही. माया असेल तर पाच-पन्नास टाके उसवून तोच कोट पुन्हा अंगास येतो. नसेल तर तो धाकट्यास द्यावा लागतो, आणि धाकटा थोराड असेल तर कोणासच येत नाही. स्वस्तात शिवणारा कापड वाचविण्यासाठी पहिली कात्री मायेवरच चालवितो.

सदऱ्यासाठी दूर जावयास नको. इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू केला आणि त्यातून ते सारे शहर कापडाचे झाले. निपाणीहून ते हाकेच्या अंतरावर आहे. तेथील सुती कापड घेऊन, एकदा पाण्यातून काढून, मग बेतावयास द्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात गळपट्टी आवळते. लग्नानंतर रोज उपयोगी पडतील असे दोन पांढरे सदरे आणि एक गडद विजार हे सुटापेक्षाही महत्त्वाचे कपडे आहेत. बुटांचा हट्ट नसेल तर आपल्या भागातील कारागिरांची चामड्याची कोल्हापुरी चप्पल सदरा-विजारीवर छान दिसते. २०१९ साली तिला भौगोलिक ओळखीची जी सरकारी नोंदणी मिळाली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकातील चार जिल्हे आहेत. प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलास मात्र सूट शिवू नये. तो सहा महिन्यांत वाढतो. पांढरा सदरा पुरे.

शिंप्याचे पैसे ठरल्या दिवशी द्यावेत. कापडवाल्यास रोख आणि शिंप्यास "पुढच्या आठवड्यात", ही आपल्याकडील वाईट चाल आहे. दुकानदाराशी घासाघीस चालत नाही म्हणून ती शिंप्याशी चालते. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी अनुवादाच्या पुस्तकात आज्ञा आहे, आणि पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालच्या आपल्या परिपत्रकात श्रमिकाच्या न्याय्य वेतनाविषयी जगास जे बजावले ते गावच्या शिंप्यासही लागू आहे. तयार कपड्यांमुळे त्याचे काम आधीच कमी झाले आहे.

आता पैशाचा प्रश्न. कोटावर किती खर्चावे? माझे मत असे, की सुटाचा सारा खर्च नवरदेवाच्या एका महिन्याच्या कमाईहून अधिक नसावा. ज्याची कमाई हंगामी आहे त्याने वर्षाच्या कमाईस बाराने भागावे, तंबाखूच्या पट्टीच्या दिवशी हातात आलेल्या रकमेस महिन्याची कमाई समजू नये. लग्न दोन वर्षांनी करावयाचे असे घरात ठरले, की मुलाने त्याच महिन्यापासून ५०० रुपये बाजूस टाकावेत. चोवीस महिन्यांत तेच १२,००० होतात, आणि बँकेच्या आवर्ती ठेवीत ठेवले तर वर थोडे व्याज आपणांस मिळते. वर सांगितलेल्या घरात जे व्याज बाहेर गेले ते येथे आत येते. टपाल कचेरीतही अशी ठेव दरमहा १०० रुपयांपासून ठेवता येते, परंतु ती पाच वर्षांची असते. ज्यांची मुले आज अठरा-वीस वर्षांची आहेत त्यांनी तिचा विचार करावा. कापड पावसाळ्यात शिवावयास टाकावे. तेव्हा शिंप्याच्या हाताला उसंत असते. दिवाळी-नाताळच्या तोंडावर टाकलेले काम घाईचे होते.

भिशीविषयी मला विचारतात. सर्व माणसे ओळखीची आणि वही उघडी असेल तर लहान भिशी वाईट नाही. पण पहिल्याच महिन्यात भिशी उचलून सूट घेणारा प्रत्यक्षात कर्जच काढीत असतो, हे त्याने समजून असावे. पैसे ठेवताना आणखी एक भेद ध्यानात असू द्यावा. बँकेतील, नागरी सहकारी बँकेतीलसुद्धा, ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीस २०२० पासून ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस हे संरक्षण नाही. पतसंस्था वाईट असे मी म्हणत नाही. भारतातील पहिली शेतकी सहकारी पतपेढी १९०५ साली आपल्याच कर्नाटकात, गदगजवळ कणगिनहाळ येथे निघाली, ती सावकारी पाशातून शेतकऱ्यास सोडविण्यासाठीच. पण संस्था कोण चालवितो ते पाहून मगच पैसे ठेवावेत.

धर्मसभेचाही या बाबतीत जुना अनुभव आहे. पंधराव्या शतकात इटलीत सावकारीने गरीब गांजले, तेव्हा फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी पेरूजा येथे १४६२ साली गरिबांसाठी तारण-पेढी काढली. वस्तू गहाण ठेवून अगदी अल्प व्याजात कर्ज मिळे. व्याज घ्यावेच कसे, यावर पन्नास वर्षे वाद चालला. १५१५ साली लॅटरनच्या परिषदेने निर्णय दिला की पेढी चालविण्याच्या खर्चापुरते घेतलेले व्याज पाप नव्हे. त्या पेढ्यांत गहाण पडणाऱ्या वस्तूंत कपडे पुष्कळ असत, हे विशेष. थंडीचा डगला उन्हाळ्यात गहाण पडे आणि हिवाळ्यात सुटे.

आज आपल्याकडे सावकाराचे रूप बदलले आहे. दारात येऊन स्त्रियांच्या गटांस कर्ज देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि हातातल्या फोनवर पाच मिनिटांत पैसे टाकणारेही आहेत. वसुलीच्या जाचाने कर्नाटकात माणसे गाव सोडून गेली; म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, त्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परवान्यावाचून सावकारी करणे सीमेच्या दोन्ही बाजूंस गुन्हा आहे: कर्नाटकात १९६१ चा कायदा आहे, महाराष्ट्रात २०१४ चा. कोणी दमदाटी करीत असेल तर लपून बसू नये. कागद घेऊन पोलिसांकडे अथवा तालुक्याच्या कचेरीत जावे, आणि जाण्यास भीती वाटत असेल तर आपल्या धर्मगुरूस बरोबर न्यावे. मात्र दवाखान्यासाठी, बियाण्यासाठी काढलेल्या कर्जाची गोष्ट निराळी. सुटासाठी काढलेले कर्ज कोणत्याही कायद्याने शहाणपणाचे ठरत नाही.

ज्यास दोन वर्षे थांबणे शक्य नाही त्याने थोरल्या भावाचा अथवा मामेभावाचा कोट आणावा आणि शिंप्याकडून अंगाबरोबर करून घ्यावा. चारपाचशे रुपयांचे काम. माया असेल तर ते होते. त्यात कमीपणा कसला? याउलट पुष्कळ घरांत लग्नाचा कोट पेटीत जपून ठेवतात तो शेवटी त्याच माणसास पेटीत निजविताना घालण्यासाठी. भावना मी समजतो. विधवेने हौसेने राखून ठेवलेला कोट मागावयाचा कसा हा प्रश्नही खरा आहे. तरीही माणूस हयात असताना त्यानेच घरच्यांस सांगून ठेवावे की मला स्वच्छ सदरा पुरे, कोट धाकट्यास द्या.

कोट टिकविण्याची काळजी थोडी आहे, पण ती घ्यावी लागते. घालून झाल्यावर तो रात्रभर रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर मोकळ्या हवेत टांगावा, खिळ्यावर टांगू नये. खिळ्याने मानेपाशी टोक येते. धूळ मऊ ब्रशाने वरून खाली झाडावी. वारंवार धुलाईस देऊ नये. इस्त्री थेट फिरवू नये, ओल्या सुती फडक्यावरून फिरवावी, नाहीतर कापडावर चकाकी येते ती जात नाही. आपल्याकडे खानापूर-चंदगडच्या पट्ट्यात पावसाळा चार महिने ओला असतो. पेटीत ठेवण्यापूर्वी कोट सावलीत वाळवावा, खिसे रिकामे करावेत, वाळलेला कडुलिंबाचा पाला जुन्या सुती पुरचुंडीत बांधून जवळ ठेवावा, आणि गणपती होऊन ऊन पडले की एकदा बाहेर काढून झटकावा. अस्तर काखेपाशी आधी विरते. ते विरलेले दिसताच शिंप्याकडून बदलून घ्यावे. अस्तर नवे झाले की कोट आणखी दहा वर्षे चालतो.